चिलखताची आतली बाजू

सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली. बँकेच्या यादीवरचे वृद्ध सराफ दागिना हातात आला की आधी तो उलटा करीत. नक्षी बघायची ती सर्वांत शेवटी. 'पुढून सगळेच सोने असते, साहेब,' असे ते म्हणत. जपानी सामुराईंच्या चिलखतांचा बाजार पाहताना त्या सराफांची हटकून आठवण होते.

हा बाजार तापावा अशीच परिस्थिती आहे. २०२४ साली 'शोगुन' या मालिकेने १८ एमी पारितोषिके मिळवली. त्याच वर्षी जुलैत एका डॉलरला १६१ हून अधिक येन मिळू लागले. १९८६ नंतर येन इतका घसरला नव्हता. परदेशी गिऱ्हाइकाला जपानी वस्तू आपोआप स्वस्त झाली. घरबसल्या लिलावात बोली लावता येते, पण छायाचित्र उलटे करून बघता येत नाही. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

खऱ्या चिलखतांचा साठा मर्यादित आहे. १८६८ मध्ये मेजी राजवट आली, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि सामुराई वर्गच इतिहासजमा झाला. नवी चिलखते मात्र आजही बनतात : ५ मेच्या मुलांच्या सणासाठी, मिरवणुकांसाठी, चित्रपटांसाठी. त्यांत गैर काही नाही. नाटकातल्या मुकुटाला कोणी बनावट म्हणत नाही. त्यावर 'एदो काळ' अशी चिठ्ठी चिकटली की लबाडी सुरू होते.

ती ओळखायची कशी? सोप्या कसोट्या इथे दगा देतात. चुंबक लावून पाहा, असे सांगणारे भेटतात. पण अस्सल चिलखतांतही कित्येक पट्ट्या कच्च्या चामड्याच्या, वर रोगण चढवलेल्या असतात. चुंबक तिथे चिकटणार नाही. रेशमी दोऱ्या नव्या दिसतात म्हणून माल नवा, हेही खरे नव्हे. रेशीम कुजते आणि ओवणी पुन्हा करावी लागते. सुट्या खवल्यांऐवजी अखंड पट्टीवर रोगणाचे उंचवटे देऊन खवल्यांचा आभास निर्माण करणे, ही युक्तीदेखील जुन्या कारागिरांचीच.

म्हणून पाहायची ती आतली बाजू. उरुशी झाडाच्या चिकाचे रोगण थरांवर थर देऊन चढवतात. जिथे ते उडते तिथे खालचे थर दिसतात. आधुनिक रंग एकसारखा, गुळगुळीत असतो. जुन्या लोखंडावरचा गंज काळपट तपकिरी आणि घट्ट. घाईने आणलेला गंज नारिंगी, बोटाला लागणारा. झीज जिथे अंग घासते तिथे हवी. सर्वत्र सारखी झीज ही कारखान्यातली. शिरस्त्राणाच्या पट्ट्या खरोखर रिव्हेटने जोडल्या आहेत, की एकाच पत्र्यावर रेघा दाबल्या आहेत? ॲल्युमिनियम, नायलॉनची दोरी, यंत्राचे स्क्रू दिसले तर प्रश्नच मिटला.

कठीण प्रकरण वेगळेच. तीन चिलखतांचे अवशेष जोडून एक 'संपूर्ण' संच विकला जातो. तुकडे खरे, जोडणी खोटी. मिओचिन या नामांकित घराण्याच्या सह्याही डोळे मिटून मानता येत नाहीत. शिवाय एदो काळातल्या दीर्घ शांततेत सरदारांनी स्वतःच मध्ययुगीन घाटाची चिलखते हौसेने घडवून घेतली. त्यांना आपण आज पुराणवस्तू म्हणतो, आणि ते योग्यच आहे. फक्त ती चौदाव्या शतकातली म्हणून विकू नयेत.

कागदावर भरवसा किती ठेवावा? १६१३ मध्ये तोकुगावा हिदेतादाने इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला चिलखते भेट पाठवली. ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन सॅरिस ती घेऊन गेला. त्यांतले एक लंडनच्या टॉवरमध्ये पुढे चक्क 'थोर मोगला'चे म्हणून नोंदले गेले! वस्तू अस्सल, नोंद चुकीची. राजाच्या कोठारात असे होते, तर विक्रेत्याच्या प्रमाणपत्राचे काय घेऊन बसलात?

एका ग्राहकाचे पैसे बुडाले तर ते त्याचे नुकसान. पण खोट्या चिठ्ठ्या वाढल्या की खऱ्या वस्तूही संशयित ठरतात, आणि हातोडी, रेशीम, रोगण यांत पिढ्यांनी साठवलेले ज्ञान कुठून वाचायचे तेच कळेनासे होते. बुडीत कर्जांच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. त्यांतले कागद बहुतेक वेळा चोख असत. तारण उलटे करून पाहायचे तेवढे कोणीतरी विसरलेले असे.