खापरांची साक्ष

पनवेल ही एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेली पेठ. खाडीने आलेला माल येथे उतरे आणि घाटाच्या वाटेने देशावर जाई. २०१६ साली या गावाची महानगरपालिका झाली. उलव्याची टेकडी कापून उभारलेल्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये पार पडले. या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जुनी घरे पाडली जात असताना माळ्यावरचे जाते, रांजण, पितळेची समई आणि सुताराची हत्यारे भंगारात जातात, तेव्हा ती केवळ अडगळ असते काय?

याचे उत्तर डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांच्या जीवनकार्यात सापडते. १९३० साली जन्मलेल्या या पुरातत्त्ववेत्त्याने आयुष्यभर वस्तूंना बोलते केले. अजिंठ्याच्या चित्रांत रसिक सौंदर्य पाहतात. ढवळीकरांनी त्यांत वस्त्रे, अलंकार, भांडी, वाद्ये पाहिली आणि त्यांवरून तत्कालीन दख्खनचे लोकजीवन उभे केले.

त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते इनामगावशी. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया आणि डॉ. अन्सारी हे त्यातील त्यांचे सहकारी. तेथे ना राजवाडा होता, ना शिलालेख. होती ती चुलीची राख, धान्याची कोठारे, रंगीत खापरे आणि घरातल्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली तान्ही मुले. त्यांवरून इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकरी समाजाचा संसार जगापुढे आला. पाट काढून शेतीला पाणी देणारा हा समाज पुढे चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्यांत राहू लागला. पाऊस कमी झाल्याने शेती खालावली व लोक पशुपालनाकडे वळले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. दुष्काळाशी झुंजणाऱ्या महाराष्ट्राला ही कथा परकी कशी वाटेल?

त्या लोकांचा आहार हाडांवरून जसा दिसला तसाच नोंदवला गेला. आपल्या आवडीचा तेवढा पुरावा घ्यायचा व नावडता झाकायचा, ही संशोधकाची रीत नव्हे. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र पुराव्याचा पाया नसलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाला ढासळतो.

हे ज्ञान विद्वानांच्या कपाटात कोंडून न ठेवता ‘महाराष्ट्राची कुळकथा’सारख्या ग्रंथांतून त्यांनी मराठी वाचकाच्या घरी पोहोचविले. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. २०१८ साली ते निवर्तले.

त्यांचे स्मरण करायचे तर ते कृतीने करावे. घर पाडण्यापूर्वी त्यातील जुन्या वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत. ती कोणी घडविली, कशी वापरली, तिला काय म्हणत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शाळांनी अशा वस्तूंसाठी एखादे कपाट राखावे. पाया खणताना जुनी मूर्ती वा भांडे आढळले, तर ते परस्पर न हलविता तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. कारण वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी साक्ष पुसली जाते.

इनामगावच्या शेतकऱ्याने आपल्यासाठी काही लिहून ठेवले नव्हते. त्याची फुटकी भांडी तेवढी मातीने जपली. पनवेलच्या सुताराचे चाक आणि आजीचे जाते जपायला मात्र मातीची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम आपले आहे.