मर्फी गेला, नाव राहिलं

परभणीकडच्या जुन्या लोकांना मर्फी म्हटलं की कॅलेंडरवरचं गोंडस बाळ आठवतं. पण मर्फी हा खराखुरा माणूस होता राव! फ्रँक मर्फी, पेशाने इंजिनिअर. १९२९ मध्ये ई. जे. पॉवरबरोबर त्याने इंग्लंडात रेडिओ कंपनी काढली. जाहिरातींत पाइप ओढणारा गृहस्थ तो स्वतःच. कंपनी जोरात चालली, पण १९३७ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला. पुढे फर्निचरचा धंदा केला, तो चालला नाही. १९५५ मध्ये कॅनडात वारला. त्याच्या नावाचे रेडिओ मात्र आपल्या ठाण्यात कित्येक वर्षं बनत होते.

मला विचाराल तर, कंपनीच्या लोगोवर जीव टाकणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नाव कंपनीकडेच राहतं, आपल्याबरोबर येतं ते फक्त हातातलं कसब. रात्री जागायच्याच असतील, तर त्यासाठी जागा!