धक्का छोटा, मुदत मोठी

२०२५ च्या सुरुवातीला ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाची धडक कुठे बसू शकते, याचा पट्टा जाहीर झाला. त्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होते. शक्यता तीन टक्क्यांवर गेली आणि मुंबईचे नाव बातम्यांत झळकले. नव्या निरीक्षणांनंतर धोका टळला. पण असा दगड खरेच आला तर? या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर मिळते: ‘डार्ट’सारखे यान धाडायचे. म्हणूनच डार्टने नेमके काय साधले, हे समजून घ्यायला हवे.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे हे सुमारे ५८० किलोचे यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फोसवर आदळले. हा सुमारे १६० मीटरचा दगड म्हणजे डिडिमोस या पाऊण किलोमीटर रुंद लघुग्रहाचा चंद्र. दोघांमधले अंतर जवळपास १.२ किलोमीटर, दादरकरांच्या हिशेबात शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी. यान समोरून आदळल्याने चंद्राचा वेग सेकंदाला जेमतेम २.७ मिलिमीटरने घटला. त्यामुळे तो डिडिमोसच्या सुमारे ३७ मीटर जवळ सरकला, कक्षा लहान झाली आणि ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३३ मिनिटांनी आखूड झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला असता, तरी मोहीम यशस्वी ठरणार होती. उडालेल्या दगडधोंड्यांच्या उलट्या रेट्यामुळे एकूण धक्का यानाच्या धक्क्याच्या साडेतीन पटींवर गेला असावा, असा अंदाज आहे.

मात्र ही ३३ मिनिटे जोडीच्या घरातली आहेत. डिडिमोस आपल्या चंद्रापेक्षा शंभर पटींहून जड आहे आणि दोघे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत. चंद्राला बसलेला धक्का अखेर दोघांत वाटला जातो. त्यामुळे जोडीच्या सूर्याभोवतीच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या शतांशाइतकाच.

डायमॉर्फोस एकटा असता, तर तोच २.७ मिलिमीटरचा धक्का, सरळ हिशेबाने, त्याला महिन्याभरात सात किलोमीटर आणि दहा वर्षांत साडेआठशे किलोमीटर बाजूला नेता. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर आहे. म्हणजे खरे शस्त्र यान नव्हे, हाताशी असलेली वर्षे आहेत. वायआर४ सापडला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी, पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाल्यावर! संभाव्य धडक २०३२ मधली होती, म्हणून विचाराला वेळ मिळाला.

म्हणून भारताने धडक देणाऱ्या यानाच्या स्वप्नाआधी आकाशावरच्या पहाऱ्यावर खर्च करावा. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था लडाखमधील हानले येथे ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटीमीटरची दुर्बीण चालवतात. पाया आहे, गरज आहे ती मोठ्या दुर्बिणींची आणि अखंड निधीची. लोणारचे १.८ किलोमीटर रुंद विवर ज्या राज्यात आहे, तिथे तरी हा खर्च चैनीचा वाटू नये.