निनावी पत्रांची वही

जर्मनीत नेकार नदीच्या काठी हायडेलबर्ग नावाचे विद्यापीठाचे जुने गाव आहे. १६७३ साली तिथल्या राजाने, कार्ल लुडविगने, हॉलंडमधील तत्त्वज्ञ स्पिनोझाला प्राध्यापकाची जागा देऊ केली. विचारस्वातंत्र्य पूर्ण राहील, मात्र प्रस्थापित धर्माला धक्का लागेल असा त्याचा उपयोग तुम्ही करणार नाही असा भरवसा आहे, असे पत्रात होते. सहा आठवड्यांनी स्पिनोझाने नम्रपणे नकार कळविला. या स्वातंत्र्याची हद्द कोठे आहे हे आपल्याला कळत नाही, असे त्याने लिहिले. सावध राहण्याचे त्याला कारण होते. धर्म व राज्य यांवरील त्याचा ग्रंथ १६७० मध्ये निघाला तो लेखकाच्या नावाशिवाय. छापला ॲम्स्टरडॅमला आणि मुखपृष्ठावर गाव घातले हॅम्बुर्ग! १६७४ मध्ये हॉलंडात त्यावर बंदी आलीच.

आपल्या मराठीतही हे घडले आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. स्वतःच्याच जातीला इतके खरमरीत सुनावणाऱ्याला टोपणनावाचा आडोसा हवाच होता.

संगणकाच्या युगात हे काम रिमेलर नावाची यंत्रणा करू लागली. आलेल्या पत्रावरचे नाव-पत्ता पुसून ते पुढे पाठवायचे, एवढेच तिचे काम. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ साली असे एक टपालघर काढले. उत्तरे परत पोहोचावीत म्हणून खरे पत्ते व टोपणनावे यांची वही त्यांना ठेवावी लागे, आणि तीच त्यांच्या गळ्यात आली. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलिसांना एक नाव द्यावे लागले. १९९६ मध्ये न्यायालयाने पुन्हा तशीच मागणी मान्य केली, तेव्हा त्यांनी टपालघरच बंद केले.

यावरचा उपाय डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच सुचविला होता. पत्राला एकावर एक अशी अनेक पाकिटे घालायची. प्रत्येक ठाण्यावर एकच पाकीट उघडते आणि पुढच्या ठाण्याचा पत्ता कळतो. कोणी लिहिले आणि शेवटी कोणाला जाणार, हे दोन्ही कोणा एकाला कळत नाही. मिक्समास्टर या यंत्रणेत सगळी पत्रे एकाच आकाराची करून, थोपवून, पिसून सोडली जात. २०१७ मध्ये मांडलेली लूपिक्स ही रचना तर खऱ्या पत्रांत सतत खोटी पत्रे मिसळते, म्हणजे पाळतीवर बसलेल्याला खरे कोणते ते उमगू नये. वही नाहीच, तर मागणार काय?

याचा गैरवापर होतो. २०१२ साली अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाला बॉम्बच्या धमक्या आल्या त्या रिमेलरमधूनच. पोलिसांनी न्यूयॉर्कमधले एक यंत्र उचलून नेले, पण त्यात नावे नव्हती. आणि मुलीचे ठरलेले लग्न मोडणारे निनावी पत्र काय करते, हे आपल्या घरांतून कोणाला सांगायला नको. असे पत्र पुराव्याशिवाय चुलीत टाकावे, हे आमचे मत आहे.

परंतु वाचकहो, आपले बेट लहान. आडनाव सांगितले की गाव कळते, गाव कळले की मामा कोणत्या खात्यात आहे तेही कळते. वरिष्ठाची लबाडी पाहणाऱ्या कारकुनाने कोठे जावे? २०२४ च्या निवडणुकीपूर्वी ‘मिस्ये मुस्तास’ या बुरख्याआडून फोनवरील संभाषणे बाहेर आली, तेव्हा सरकारने समाजमाध्यमेच बंद करण्याचा हुकूम काढला. तो एका दिवसातच मागे घ्यावा लागला. त्याआधी २०२१ मध्ये आयसीटीएने समाजमाध्यमांचा सगळा व्यवहार आपल्या यंत्रातून नेऊन उघडून पाहण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याला जोरदार विरोध झाला आणि तो अमलात आला नाही.

हा प्रस्ताव वेगळे नाव घेऊन पुन्हा येईल असे आम्हाला वाटते. तेव्हा मुलांचे रक्षण, अफवांना आळा, अशी कारणे पुढे केली जातील, आणि ती खोटीही नसतील. तरी आपण आधी एवढे विचारावे: वही कोठे राहणार, किल्ली कोणाकडे, आणि सरकार बदलले की ती कोणाच्या हाती जाणार?