जुने ते सोने नव्हे, पोलाद

'जुने ते सोने' ही म्हण आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या गौरवासाठी वापरली जाते. आमचा तिच्यावर आक्षेप आहे. सोने रोज वापरायचे नसते. ते कुलपात ठेवायचे, सणावारी बाहेर काढायचे आणि अधूनमधून त्याचा भाव विचारायचा. जुन्या माउंटन बाइकच्या नशिबी सध्या नेमके हेच सोनेपण आले आहे. १९८०च्या दशकात हातांनी झाळलेल्या कॅलिफोर्नियातील पोलादी फ्रेमा दिवाणखान्याच्या भिंतींवर टांगल्या जातात, आणि 'एकदाही न चालवलेली' हे अशा सायकलीचे सर्वांत मोठे विशेषण समजले जाते. दुसरीकडे सायकल-उद्योग याच सायकलींना कालबाह्य ठरवून मोकळा झाला आहे. एक पक्ष म्हणतो पूजा करा, दुसरा म्हणतो टाकून द्या. ती चालवू नये, याबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे. आमचे भांडण या एकमताशी आहे.

आमच्यासारखे लोक जुन्या सायकली चालवतात तेव्हा त्यांच्यावर स्मरणरंजनाचा आरोप होतो. साहित्यसमीक्षेत हा शब्द आम्हीही अनेकांवर फेकला आहे, त्यामुळे त्याची धार आम्हाला ठाऊक आहे. पण येथे तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे कळण्यासाठी माउंटन बाइकचा जन्म कसा झाला ते आठवावे लागते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण त्या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून सायकली हाकू लागले. त्यांतले बरेच जण एरवी बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकली चालवणारे होते. डोंगरासाठी मात्र त्यांनी भंगारात निघालेल्या १९३०-४०च्या दशकांतील सायकली निवडल्या. श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींना जाड, फुगीर टायर बसवले होते. त्या घराण्यातल्या या दणकट सायकली. जो ब्रीझ याने आपली १९४१ सालची श्विन पाच डॉलरना घेतली होती. अशा सायकलींना ही मंडळी 'क्लंकर' म्हणत. मराठीत आपण सरळ 'खटारा' म्हणू.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. तीन किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरात हा रस्ता सुमारे चारशे मीटर खाली उतरतो. पॅडल उलटे दाबले की मागच्या हबमध्येच ब्रेक लागावा, अशी या जुन्या सायकलींची रचना होती. उतार संपेपर्यंत तो हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि पुढच्या खेपेआधी ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' यावरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव पडले. चार्ली केली वेळा वहीत टिपून ठेवी. गॅरी फिशरची चार मिनिटे बावीस सेकंदांची वेळ तेथे कोणालाच मोडता आली नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. माउंटन बाइक हा प्रकारच मुळी जुन्या सायकली चालवण्याच्या हट्टातून जन्मला. रीपॅकवर उतरलेल्या सायकलींचे वय तेव्हा तीस-चाळीस वर्षांचे होते. आज कोणी १९८५ सालची सायकल डोंगरावर नेतो तेव्हा तिचे वयही त्याच घरातले असते. मग पहिली कृती 'क्रांती' आणि दुसरी 'स्मरणरंजन' कशी? खटाऱ्यांच्या मर्यादा कळल्यावरच ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. टॉम रिची, फिशर आणि केली १९७९ पासून या सायकली घडवू-विकू लागले, आणि १९८१ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या स्पेशलाइज्डच्या 'स्टंपजंपर'ने हा प्रकार सर्वसामान्य दुकानांत नेला. नव्याचा शोध लागला तो जुने चालवून, मोडून, दुरुस्त करून. जुने टांगून ठेवून लागला नाही.

आता संग्राहकांकडे वळू. त्यांचा आग्रह 'कालशुद्धते'चा असतो. १९८३ सालच्या फ्रेमवर त्याच सालचे ब्रेक, त्याच सालच्या मुठी, शक्य तर त्याच सालचे टायर. भाषाशुद्धीच्या चळवळींशी आमचा परिचय असल्याने हा सूर आम्हाला ओळखीचा वाटतो, आणि त्यातली चूकही ओळखीची वाटते. मरीनमधल्या त्या मूळ सायकली कालशुद्ध होत्या काय? फ्रेम चाळीसच्या दशकातली, ब्रेकच्या मुठी मोटरसायकलच्या, ड्रम ब्रेक दोघांनी चालवायच्या जोडसायकलीचे, गिअर लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलीचे. ज्याच्या हाती जे लागले ते त्याने बसवले. शुद्धतेचा निकष लावायचा तर माउंटन बाइकचे आद्य नमुनेच त्या स्पर्धेतून बाद होतील.

दुसरा पक्ष उद्योगाचा. नवे ते सगळे फसवे, असे आम्ही म्हणत नाही. ओल्या उतारावर डिस्क ब्रेक जुन्या कँटिलिव्हर ब्रेकपेक्षा निःसंशय चांगले. मोठे चाक दगडांवरून सुलभपणे जाते, हेही खरे. २९ इंची चाक बाजारात रुजवण्यात खुद्द फिशरचा पुढाकार होता. पण सुधारणेच्या नावाखाली जे खपवले जाते ते सगळे याच जातीचे नसते. २०१३-१४च्या सुमारास बहुतेक मोठ्या कंपन्यांनी २६ इंची चाक सोडले आणि '२७.५ इंची' चाक पुढे केले. नावात दीड इंचाची वाढ. प्रत्यक्षात टायर रिमवर जेथे बसतो तेथला व्यास मोजला तर ५५९ मिलिमीटरचे ५८४ झाले. वाढ एक पुरता इंचही नाही. शिवाय हे ५८४ तरी नवे कुठे? '६५० बी' या नावाने ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून फ्रान्समधल्या प्रवासी सायकलींवर फिरत होते. म्हणजे एका जुन्या मापाला कालबाह्य ठरवले, आणि तेही त्याच्याइतक्याच जुन्या मापाच्या साह्याने! मागच्या हबची रुंदी १३० मिलिमीटरची १३५ झाली, १३५ची १४२, १४२ची १४८. प्रत्येक पायरीला कारण दिले गेले, आणि प्रत्येक पायरीवर कालचे चाक आजच्या फ्रेमला निरुपयोगी झाले.

आमच्यापैकी एकाजण विशीत घेतलेली २६ इंची पोलादी सायकल आजही चालवतात. तिच्या टायरसाठी आम्ही एका झगझगीत दुकानात गेलो असता "सर, हा साइज बंद झाला" असे उत्तर मिळाले. चार गल्ल्या पलीकडे पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवर त्याच मापाचे टायर दोरीला ओळीने लटकत होते; कारण आपल्या गावांतली असंख्य शाळकरी मुले आणि कामावर जाणारी माणसे याच चाकावर फिरतात. 'बंद झाला' याचा अर्थ 'आम्ही विकणे बंद केले' एवढाच होता. व्याकरणात कर्ता लपवण्याच्या या युक्तीकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमीच वेधतो.

आमच्यावरचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. चालवली की वस्तू झिजते, आणि झीज म्हणजे पुराव्याचा नाश. अस्सल नमुने वापरून संपवले तर पुढच्या पिढीला काय दिसणार? हे आम्हाला मान्य आहे, पण मर्यादेत. ब्रीझची १९७७ सालची पहिली फ्रेम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि ती तेथेच असावी. फेअरफॅक्समध्ये २०१५ पासून सायकलींचे संग्रहालय आहे, तेही असावे. परंतु संग्रहालयात ठेवायचा नमुना एक असतो, आणि कारखान्यातून निघालेल्या सायकली हजारो असतात. ग्रंथालयाने दुर्मीळ आवृत्ती कपाटात ठेवावी हे योग्यच. म्हणून पुस्तकाच्या सगळ्याच प्रतींची पाने न फाडता ठेवणाऱ्याला कोणी वाचक म्हणत नाही.

आपल्याकडे जुन्या देवळांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक संरक्षित स्मारक: बाहेर पुरातत्त्व खात्याचा फलक, आत वटवाघळे. दुसरे नांदते देऊळ: त्याचा जीर्णोद्धार होतो, दगड बदलतात, कधी बेढब रंगही चढतो, पण घंटा वाजत असते. जीर्णोद्धारात अनेकदा विद्रूपीकरण होते, हे आम्ही जाणतो. तरीही वापरातल्या वस्तूसाठी आम्ही दुसऱ्या तऱ्हेच्याच बाजूचे आहोत. क्रोमोली पोलादाची फ्रेम या तऱ्हेला साजेशी आहे. तिला पोक आला तर दिसतो, तडा गेला तर झाळता येतो, वाकलेली नळी कुशल कारागिराला बदलता येते. अर्थात डोळे मिटून नव्हे. ॲल्युमिनियमची जुनी हँडले आणि स्टेम बदलावीत. रबरी ठोकळ्यांवर चालणारे नव्वदच्या दशकातले चिमटे तपासल्याशिवाय वापरू नयेत. ब्रेकचे रबर आणि केबल नवी घालावी. कालशुद्धता गेली तरी चालेल, दात जाऊ नयेत.

तेव्हा ज्यांच्या भिंतीवर अशी सायकल टांगलेली असेल त्यांना आमची विनंती आहे की तिला खाली उतरवावे. हब उघडावेत, छर्रे रॉकेलमध्ये धुवावेत, झिजलेले बदलावेत, ग्रीस भरावे आणि जवळच्या टेकडीवर जावे. परत आल्यावर ती मळलेली असेल, कदाचित एखादा ओरखडाही असेल, आणि काही महिन्यांनी ग्रीस पुन्हा भरावे लागेल. ज्या रस्त्यावर या सायकलींचा जन्म झाला, त्याचे नावच मुळी या कामावरून पडले आहे.