पालं उठल्यावर

नालेसफाई सुरू झाली की जेसीबीच्या पुढ्यात येईल ते सगळं गाळातच जमा होतं. बल्लारपुरात वर्धा नदीकडे उतरणाऱ्या नाल्याकाठी, पुलाखाली जरा कोरडी जागा दिसली की पालं पडतात. कोणी भंगार वेचणारं, कोणी कामाच्या आशेनं गाडीतून उतरलेलं, कोणी तेलंगणात मिरची तोडून परतताना इथंच थबकलेलं. मग एक दिवस पालं उठतात, किंवा उठवली जातात.

मागं काय राहतं ते जवळ जाऊन पाहावं. विटांच्या चुलीशेजारी जर्मनचा गंज पालथा घातलेला असतो, आत धूळ जाऊ नये म्हणून. बाभळीच्या फांदीला पन्नीत गुंडाळलेली पुरचुंडी टांगलेली, दोनदा गाठ मारून. कायमचं सोडून जाणारा माणूस एवढी निगुतीनं गाठ मारत नाही. तो कामावर गेलेला असतो, नाहीतर दवाखान्यात.

याच गावात बल्हारशाह जंक्शन आहे. तिथं फलाटावर बेवारस बॅग दिसली की पोलीस येतात, तपासणी होते, नोंद होते. फेरीवाल्यासाठी तर 2014 चा कायदाच आहे: जप्त मालाची यादी करून तिची प्रत त्याच्या हाती द्यायची, आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून कामाच्या दोन दिवसांत सोडायचा. हातगाडीवरच्या कंगव्यांची मोजदाद होते. फांदीवरच्या पुरचुंडीची का होऊ नये?

नाला साफ करू नका, असं कोण म्हणेल? 2022 च्या जुलैत वर्धेला पूर आला तेव्हा राजुऱ्याचा रस्ता बंद पडला होता, ते आपण विसरलेलो नाही. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण झोपड्या हटवायलाही परवानगी दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. सामानाचं काय, हा प्रश्न तिथंही बाजूलाच राहिला. निवाऱ्याचं म्हणाल तर राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचं माप होतं लाख लोकसंख्येमागं किमान 100 जणांची सोय. 2011 च्या जनगणनेत बल्लारपूर भरलं 89 हजारांच्या आसपास. लाखाला थोडं कमीच! म्हणजे मापानं सोयही जवळजवळ तेवढीच हवी होती.

निवारा होईल तेव्हा होवो. तोवर पालिकेनं नालेसफाईच्या आदल्या आठवड्यात पुलाच्या खांबाला मोठ्या अक्षरांत तारीख चिकटवावी. वाचता येत नसेल त्यांना तोंडी सांगावं. मिळालेलं सामान गोणपाटात बांधून, कुठून उचललं ते वर लिहून, एखाद्या रिकाम्या खोलीत पंधरा दिवस ठेवावं. एवढ्याला निविदा काढावी लागत नाही. आणि कागद आधी बाजूला काढावेत. आधार कार्ड हरवलं की रेशनपासून बँकेपर्यंत सगळंच अडतं, आणि पालातल्या माणसानं ते परत मिळवायला केंद्राच्या खेपा कधी घालायच्या? बहुतेक कार्डांवर गावाकडचा पत्ता असतोच. पाकिटात घालून तिकडं पाठवायला टपालाचा खर्च तो कितीसा!