हे कशावरून?

डेव्हिड मल्की यांच्या ‘वंडरमार्क’ या चित्रमालिकेत २०१४ साली एक समुद्रसिंह आला. आपल्या जमातीबद्दल नावड बोलून दाखवणाऱ्या बाईकडे तो अदबीने पुरावा मागतो आणि मागत मागत थेट तिच्या निजायच्या खोलीपर्यंत पोहोचतो. गोड भाषेतल्या चिवट छळाला इंग्रजीत तेव्हापासून त्याच प्राण्याचं नाव मिळालं. हा छळ खरा आहे, थकवणारा आहे. पण आता तोच शिक्का प्रामाणिक शंकेवरही मारला जातो, याची आम्हाला काळजी वाटते. लसीबद्दल, इतिहासाबद्दल ‘हे कशावरून?’ असं विचारणारा विद्यार्थी छळत नसतो. दिलेला संदर्भ न वाचताच पुढचा मागणाऱ्याला मात्र खुशाल थांबवावं. या अंकातल्या लेखकांकडेही वाचकांनी पुरावे मागावेत. ती पत्रं आम्ही उत्तरांसह छापू.